बिघडलेले संबंध, अडकलेली माणसं

पहलगामच्या हत्याकांडाला अडीच महिने व्हायचे होते. ‘ऑपरेशन सिंदूर’नंतर तोफा थंडावून जेमतेम सात आठवडे लोटले होते. अटारीची चौकी बंद, एकमेकांच्या विमानांना आकाश बंद, सिंधू पाणीवाटप करार स्थगित. अशा वेळी १ जुलै २०२५ रोजी भारत आणि पाकिस्तान यांनी आपापल्या तुरुंगांत असलेल्या एकमेकांच्या माणसांच्या याद्या नेमाने एकमेकांना दिल्या. भारताच्या यादीत ३८२ नागरी कैदी आणि ८१ मच्छीमार होते, तर पाकिस्तानच्या यादीत ५३ नागरी कैदी आणि १९३ मच्छीमार.

यामागे २१ मे २००८ चा एक छोटेखानी करार आहे. दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला याद्या द्यायच्या, असं त्यात ठरलं. करार होऊन सहा महिने होतात न होतात तोच मुंबईवर हल्ला झाला. पुढे उरी झालं, पुलवामा झालं, बालाकोट झालं, ३७० वरून उच्चायुक्त परत पाठवले गेले. याद्या मात्र जात-येत राहिल्या.

ज्या देशाशी धड बोलणंही उरलेलं नाही तिथून आपल्या माणसाला सोडवायचं कसं, हा प्रश्न निघाला की आपल्या डोळ्यांसमोर नेत्यांच्या गळाभेटी, खास विमानं आणि ठणकावून दिलेले इशारे येतात. गेल्या पस्तीस वर्षांतली प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की मला वेगळंच चित्र दिसतं. मैत्री घट्ट असतानाही माणूस हातचा गेला आहे आणि वैर टोकाला पोचलेलं असतानाही माणूस सुखरूप घरी आला आहे. फरक पडतो तो आधीच बांधून ठेवलेल्या आणि भांडणापासून मुद्दाम बाजूला राखलेल्या वाटांमुळे: कराराचं एखादं कलम, ठरलेली तारीख, तुरुंगात जाऊन कैद्याला भेटणारा एखादा कनिष्ठ अधिकारी. या वाटा राखण्याकडे आपलं लक्ष फार कमी आहे आणि त्याची किंमत ज्यांना आवाज नाही अशी माणसं मोजतात.

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी भागातली माणसं त्यांपैकीच. ऑगस्टमध्ये मासेमारीचा हंगाम सुरू झाला की इथले आदिवासी तरुण ओखा, पोरबंदर, वेरावळच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. बोट मालकाची, तांडेल दुसराच कोणी, जाळं ओढायला हे. घरून निघताना बहुतेकांनी उचल घेतलेली असते, त्यामुळे मधेच परतणं शक्य नसतं. सर क्रीकची हद्द दोन्ही देशांत अजून ठरलेली नाही. किनाऱ्यालगत मासळी कमी झाली तशा बोटी पुढे पुढे जातात. पाकिस्तानची सागरी सुरक्षा यंत्रणा अख्खी बोट ओढत कराचीला नेते आणि खलाश्यांची रवानगी मलीरच्या तुरुंगात होते.

तिथून पुढे त्या माणसाचं नाव कागदावरून प्रवास करू लागतं. इस्लामाबादमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाला अटकेची खबर मिळाली पाहिजे. तिथल्या अधिकाऱ्याला तुरुंगात जाऊन त्याला भेटता आलं पाहिजे. त्याने सांगितलेलं नाव, बापाचं नाव, गाव, पाडा हे सगळं दिल्लीला जाणार, दिल्लीहून राज्याकडे, राज्याकडून पोलीस ठाण्याकडे. मग पाड्यावर जाऊन पोलीस विचारणार, हा इथलाच ना? ओळखपत्र असलंच तर ते बोटीबरोबर जप्त झालेलं. नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं पडलं की अहवाल पुन्हा खाली. २००८ च्या करारानुसार अटकेपासून तीन महिन्यांत अधिकाऱ्याची भेट व्हायला हवी, आणि शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सुटका. जुलै २०२५ मध्ये शिक्षा पुरी झालेले १५९ भारतीय कैदी आणि मच्छीमार अजून तिथेच होते. २६ जणांची भेट व्हावी म्हणून भारताला अजून मागणीच करावी लागत होती.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापासून दूर ‘जलपरी’ या बोटीवर पाकिस्तानी यंत्रणेने गोळीबार केला, त्यात पालघरचा एक खलाशी मारला गेला. भारताने पाकिस्तानी अधिकाऱ्याला बोलावून निषेध नोंदवला. मार्च २०२४ मध्ये याच जिल्ह्यातला दुसरा एक खलाशी कराचीच्या तुरुंगात मरण पावला आणि त्याचा देह गावी पोचायला महिना उलटून गेला. घरच्यांना मृत्यू कळलेला आहे आणि अंत्यविधी करता येत नाही, असे ते दिवस.

तरीही ही वाट अगदीच निकामी आहे असं म्हणणं अन्यायाचं होईल. परराष्ट्र मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०१४ पासून २,६६१ मच्छीमार आणि ७१ नागरी कैदी पाकिस्तानातून घरी आले आहेत. या काळात दोन्ही देशांचे संबंध पायरी पायरीने खालीच गेले. म्हणजे जुन्या करारावर आणि खालच्या पातळीवरच्या बोलण्यावर इतकी माणसं सुटली. २००७ मध्ये दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची एक समिती नेमली गेली होती. हे न्यायाधीश एकमेकांच्या तुरुंगांत जाऊन कैद्यांना भेटत, त्यांची कागदपत्रं तपासत, सुटकेची शिफारस करत. तिची शेवटची बैठक ऑक्टोबर २०१३ मध्ये झाली. या सगळ्या काळात आपण गमावलेल्या गोष्टींत ही मला सर्वांत मोठी वाटते. निवृत्त न्यायाधीश सरकारचे प्रवक्ते नसतात, म्हणून त्यांना दार उघडं करणं कोणत्याही सरकारला कमीपणाचं वाटत नाही.

या वाटेचा कस लागला तो कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात. सांगलीत जन्मलेले, मुंबईत पवईला घर असलेले, नौदलातून निवृत्त झालेले जाधव. ३ मार्च २०१६ रोजी त्यांना बलुचिस्तानात हेर म्हणून पकडल्याचं पाकिस्तान सांगतो. त्यांना इराणमधून पळवून नेलं, असं भारताचं म्हणणं आहे. पाकिस्तानने अटक जाहीर केली ती २५ मार्चला. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावल्याचं जाहीर झालं, आणि तोवर एकाही भारतीय अधिकाऱ्याला त्यांना भेटू दिलेलं नव्हतं.

वाणिज्य दूतविषयक १९६३ चा व्हिएन्ना करार इथे कामी आला. परक्या देशात पकडलेल्या माणसाला, आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे हे विनाविलंब सांगायचं, आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला भेटू द्यायचं, वकील मिळवून देऊ द्यायचं, असं त्याचं ३६ वं कलम सांगतं. वाद झालाच तर आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्याची सोय करून देणारा एक जोडकरारही आहे, त्यावर दोन्ही देशांच्या सह्या आहेत. ८ मे २०१७ रोजी भारत हेगला गेला. हा निर्णय सोपा नव्हता. पाकिस्तानशी असलेल्या कुठल्याही वादात तिसऱ्याला ओढायचं नाही, हे आपलं जुनं धोरण. १९९९ मध्ये पाडलेल्या विमानावरून पाकिस्तान याच न्यायालयात गेला तेव्हा, तुम्हाला हा खटला ऐकण्याचा अधिकारच नाही, असा युक्तिवाद आपण करून जिंकलो होतो. आता आपणच त्या दाराशी उभे होतो. एका माणसाच्या जिवासाठी धोरणाला मुरड घातली गेली, आणि ते योग्यच झालं असं माझं ठाम मत आहे.

दहा दिवसांत, १८ मे रोजी, न्यायालयाने अंतिम निकालापर्यंत फाशी रोखण्याचा आदेश दिला. तो आदेश बंधनकारक का ठरला, याची पाळंमुळं अमेरिकेतल्या ॲरिझोनात आहेत. तिथे लग्रांड आडनावाच्या दोन जर्मन भावांना मृत्युदंड झाला होता आणि वकिलातीशी संपर्काचा हक्क त्यांना कोणी वेळेवर सांगितलाच नव्हता. धाकट्या-थोरल्यांपैकी एकाला मारल्यावर दुसऱ्यासाठी जर्मनी हेगला गेला. न्यायालयाने शिक्षा थांबवायला सांगितलं, तरी मार्च १९९९ मध्ये अमेरिकेने तो मृत्युदंड अमलात आणला. २००१ च्या निकालात न्यायालयाने बजावलं की असे अंतरिम आदेश पाळावेच लागतात. जर्मनीला आपला माणूस परत मिळाला नाही. पण त्याने लढलेल्या खटल्यातून सोळा वर्षांनी एका मराठी घरातल्या माणसाची फाशी थांबली.

जाधव यांची आई आणि पत्नी २५ डिसेंबर २०१७ रोजी त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या. भेट पाकिस्तानच्या परराष्ट्र मंत्रालयात झाली, मध्ये काचेची भिंत, बोलायला इंटरकॉम. आधी दोघींचं मंगळसूत्र, बांगड्या, कपाळावरची टिकली काढायला लावली, कपडे बदलायला लावले. पत्नीचे बूट काढून घेतले ते परत दिलेच नाहीत. आई मराठीत बोलू लागल्या की त्यांना अडवलं गेलं. सुषमा स्वराज यांनी नंतर संसदेत सांगितलं की आईला तसं पाहून मुलाने पहिलं काय विचारलं असेल, तर बाबा कसे आहेत हे. आईच्या गळ्यात मंगळसूत्र नाही म्हटल्यावर त्याच्या मनात काय आलं असेल, हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. आपले उपउच्चायुक्त तिथे होते, पण त्यांनाही वेगळ्या काचेआड उभं केलेलं. कायद्यातल्या ‘भेट’ या हक्काला प्रत्यक्षात किती पोकळ करता येतं, याचा हा धडा आहे.

१७ जुलै २०१९ रोजी न्यायालयाने १५ विरुद्ध १ अशा मतांनी, पाकिस्तानने कलम ३६ मोडलं असं ठरवलं. राजकीय किंवा सुरक्षेशी संबंधित प्रकरणात गुणदोष पाहून निर्णय घेता येईल, असं २००८ च्या करारात एक कलम आहे. त्याच्या आडोशाने पाकिस्तान भेट नाकारत होता, तो आडोसा न्यायालयाने काढून घेतला. भारताची बाजू मांडणारे नागपूरचे हरीश साळवे यांनी त्यासाठी एक रुपया घेतला, हे आपल्याकडे घरोघर माहीत आहे. भारताने मागितलेली सुटका आणि शिक्षा रद्द करणं मात्र न्यायालयाने नाकारलं, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, एवढंच पाकिस्तानला सांगितलं गेलं. सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्या अधिकाऱ्याची पहिली भेट झाली. जुलै २०२० मधल्या दुसऱ्या भेटीत मोकळेपणाने बोलू दिलं नाही म्हणून आपले अधिकारी निषेध नोंदवून बाहेर पडले. फेरविचारासाठी भारतीय वकील द्यायला पाकिस्तान तयार नाही आणि पाकिस्तानने नेमलेला वकील भारताला मान्य नाही. जाधव अजून कैदेतच आहेत. पण ते जिवंत आहेत, आणि ही गोष्ट लहान नाही.

याच काळात मुंबईचा आणखी एक तरुण पाकिस्तानातून परत आला, आणि त्याची वाट वेगळी होती. २०१२ मध्ये तो कोहाटमधून बेपत्ता झाला. त्याच्या आईच्या वतीने पाकिस्तानी वकिलांनी पेशावर उच्च न्यायालयात अर्ज केला, त्यामुळे २०१६ मध्ये तो लष्कराच्या ताब्यात आहे हे सरकारला कबूल करावं लागलं. शिक्षा संपताच डिसेंबर २०१८ मध्ये तो वाघ्याहून चालत परत आला. त्या वकिलांनी आपल्याच देशात शिव्या खाऊन हे काम केलं. दोन सरकारांनी अबोला धरलेला असतो तेव्हा समोरच्या देशातले असे लोकच आपले खरे दूत असतात. म्हणून अख्ख्या शत्रुराष्ट्राच्या जनतेला सरसकट झोडपून काढणाऱ्या आपल्या वाहिन्यांवरच्या आरडाओरड्याचं मला भय वाटतं. त्याचा फटका सीमेपलीकडे असलेल्या आपल्याच माणसाला बसतो.

असं बेजबाबदार बोलणं ब्रिटनला महागात पडलेलं आहे. ब्रिटिश-इराणी नाझनीन झाघारी-रॅटक्लिफ यांना २०१६ मध्ये तेहरानच्या विमानतळावर पकडलं. त्या सुट्टीवर आल्या होत्या, असं कुटुंब सांगत होतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये परराष्ट्रमंत्री बोरिस जॉन्सन यांनी संसदीय समितीसमोर, त्या पत्रकारिता शिकवत होत्या असं बोलून टाकलं. काही दिवसांत इराणने तेच वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरलं. मंत्र्याच्या तोंडून गेलेल्या एका निष्काळजी वाक्याने कैद्याच्या अडचणी वाढल्या. त्या सुटल्या मार्च २०२२ मध्ये. त्याच वेळी ब्रिटनने, सत्तरच्या दशकात रणगाड्यांसाठी घेतलेले आणि कधी न फेडलेले जवळजवळ ४० कोटी पौंड इराणला दिले. माणसं ओलीस धरून जुनी देणी वसूल करण्याची ही रीत आता बरीच रूढ झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये अंकारात अमेरिका, रशिया आणि इतर देशांनी चोवीस जणांची अदलाबदल केली. प्रत्येक सौद्याने एक जीव वाचतो आणि पुढच्या अटकेला भाव मिळतो. यावर साधं उत्तर कोणाकडे नाही. ज्याची बहीण तुरुंगात आहे त्याला तत्त्व ऐकवण्याचा अधिकार कोणाला आहे, असंही मला वाटतं.

आता मैत्रीच्या देशांकडे वळू. संयुक्त अरब अमिरातीशी आपले संबंध आज जितके जवळचे आहेत तितके क्वचितच कधी असतील. व्यापार करार आहे, नेत्यांच्या भेटीगाठी सतत चालू आहेत, शिक्षा झालेल्यांना मायदेशी पाठवण्याचा करारही आहे. तिथेच १५ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तर प्रदेशातल्या एका तरुणीला मृत्युदंड दिला गेला, आणि भारत सरकारला ते २८ फेब्रुवारीला कळलं. मुलगी जाऊन दोन आठवडे उलटल्यावरही बाप दिल्लीच्या न्यायालयात ती कुठे आहे ते विचारत होता. रशिया तर आपला जुना मित्र. तिथल्या सैन्यात दलालांमार्फत ओढल्या गेलेल्या शेकडाभर भारतीयांना सोडवायला थेट पंतप्रधानांना मॉस्कोत विषय काढावा लागला, तोवर काही जण युक्रेनच्या आघाडीवर मारले गेले होते.

कतारमधल्या आठ माजी नौसैनिकांचं प्रकरण या सगळ्यात वेगळं आहे आणि शिकण्यासारखंही. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांना पकडलं, २६ ऑक्टोबर २०२३ ला फाशी सुनावली, २८ डिसेंबरला ती रद्द होऊन तुरुंगवास झाला, आणि १२ फेब्रुवारी २०२४ ला त्यांतले सात जण दिल्लीत उतरले. आरोप काय होते ते दोन्ही सरकारांनी जाहीर केलं नाही. मधल्या काळात परराष्ट्र मंत्रालय दर पत्रकार परिषदेत, अंदाज बांधू नका, असं विनवत होतं आणि अपील मुकाट्याने चालू होतं. १ डिसेंबरला दुबईत हवामान परिषदेच्या निमित्ताने पंतप्रधान आणि अमीर भेटले. सुटकेच्या आठवडाभर आधी, ६ फेब्रुवारीला, कतारकडून २०२८ पासून वीस वर्षं दर वर्षी ७५ लाख टन द्रवरूप वायू घेण्याचा करार झाला. सरकारने दोन्ही गोष्टी कधी जोडल्या नाहीत. मला यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते: देवघेव आधीपासून इतकी मोठी होती की दोघांनाही प्रकरण चिघळणं परवडणारं नव्हतं. पाकिस्तानशी आपली अशी देवघेवच उरलेली नाही. म्हणून तिथे कलमं आणि तारखा एवढंच हाताशी राहतं.

माणसं तुरुंगात नसून युद्धात अडकतात तेव्हा गणित बदलतं. २ ऑगस्ट १९९० रोजी सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या तेव्हा तिथे पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय होते. केरळी सर्वांत जास्त, आणि त्यांच्या जोडीने गोवेकर, मंगळूरकर, कोकणातले मुसलमान. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दामने त्यांना मिठी मारली, तो फोटो जगभर छापला गेला. त्यांच्यावर भरपूर टीका झाली. पण त्या भेटीनंतर इराकने वाट दिली. माणसं बसने वाळवंट पार करून अम्मानला पोचली आणि एअर इंडियाच्या ४८८ फेऱ्यांनी मुंबईत उतरली. नागरी विमानांनी केलेली इतकी मोठी सुटका त्याआधी झाली नव्हती. याची किंमतही होती. हकालपट्टी झालेल्या कुवेती राज्यकर्त्यांच्या मनात आपल्याबद्दल अढी बसली, आक्रमणाचा निषेध आपण पुरेशा जोराने केला नाही म्हणून. ही किंमत देण्याजोगी होती का? होती, असं मी म्हणेन. पावणेदोन लाख माणसं उघड्यावर असताना निषेधाचा सूर चढवणं दुसऱ्या कोणाच्या तरी जिवावर धीट होण्यासारखं झालं असतं. पण माणसं परतल्यावरही तीच गप्प बसण्याची सवय राहिली तर त्याला विवेक म्हणता येत नाही, आणि आपल्या परराष्ट्र धोरणात ती सवय काही वेळा दिसते.

२०१५ मध्ये येमेनवर सौदी विमानं बॉम्ब टाकत होती. दिवसातले ठरावीक तास मोकळे मिळावेत म्हणून आपण रियाधशी बोललो आणि ‘ऑपरेशन राहत’मध्ये ४,६४० भारतीयांबरोबर ४१ देशांचे ९६० नागरिकही बाहेर काढले. २०२२ मध्ये युक्रेनमधून साडेबावीस हजार जण आले, त्यांत महाराष्ट्रातले वैद्यकीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. सुमीमध्ये अडकलेल्या ६९४ विद्यार्थ्यांच्या बस निघाल्या त्या मॉस्को आणि कीव्ह दोन्हीकडे फोन झाल्यावर. खारकीव्हमध्ये एक विद्यार्थी मारला गेला होता, तो मात्र जिवंत परत आला नाही. संयुक्त राष्ट्रांत आपण तटस्थ राहिलो त्यामागे हे विद्यार्थीही एक कारण होते, आणि ते लपवण्यासारखं कारण नाही.

सगळ्यांत दुःखद प्रकरण मोसुलचं. जून २०१४ मध्ये इसिसने ४० भारतीय कामगार पळवले. एकजण निसटून आला आणि बाकीच्या ३९ जणांना गोळ्या घातल्याचं त्याने सांगितलं. पुराव्याशिवाय मृत घोषित करणार नाही, या भूमिकेवर सरकार चार वर्षं ठाम राहिलं. बादुशच्या सामूहिक कबरीतले अवशेष डीएनएने जुळले तेव्हा, २० मार्च २०१८ ला, सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत सांगितलं. नातेवाइकांना ते दूरचित्रवाणीवरून कळलं. स्वराज यांनी परदेशी अडकलेल्यांसाठी जितकं केलं तितकं फार थोड्या मंत्र्यांनी केलं असेल, हे मी मनापासून मानतो. पण मुत्सद्देगिरीला गुप्तता लागते ती समोरच्या सरकारशी बोलताना. आईबापांना त्या गुप्ततेत बसवू नये.

भांडणाची झळ फक्त कैद्यांना बसते असंही नाही. २०२० मध्ये गलवानमध्ये जवान मारले गेले त्याच आठवड्यात मुंबईच्या कंपनीचं ‘जग आनंद’ हे जहाज ऑस्ट्रेलियन कोळसा घेऊन चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगरून पडलं होतं. चीनचं ऑस्ट्रेलियाशी बिनसलेलं, आपलं चीनशी बिनसलेलं, वर करोनाचे नियम. २३ भारतीय खलाश्यांना ना माल उतरवता आला ना जहाजावरून उतरता आलं. सात महिन्यांनी, जानेवारी २०२१ मध्ये, कंपनीने जहाज जपानच्या चिबाला नेलं तेव्हा ते घरी आले. कॅनडाशी बिनसलं तेव्हा दोन्हीकडचे राजदूत परत गेले, व्हिसा थांबले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्रॅम्प्टनच्या मंदिरातल्या आपल्या वकिलातीच्या शिबिरात गोंधळ झाला आणि सुरक्षा मिळत नाही म्हणून टोरंटोच्या वकिलातीने पुढची काही शिबिरं रद्द केली. ही शिबिरं होती हयातीच्या दाखल्याची. दाखला नाही तर पेन्शन थांबतं. मुलाकडे राहायला गेलेल्या निवृत्त शिक्षकाला दोन पंतप्रधानांच्या भांडणाची किंमत अशी मोजावी लागते.

आणि जिथे बोलायला कोणी नसतंच? येमेनमधल्या सना शहरावर हुथींचा ताबा आहे, त्यांना भारताची मान्यता नाही, तिथे आपली वकिलात नाही. केरळच्या एका परिचारिकेची फाशी १६ जुलै २०२५ ला ठरलेली होती. सरकारने सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की आपण जाऊ शकू तिथवर गेलो. फाशी लांबणीवर पडली त्यात केरळच्या एका ज्येष्ठ धर्मगुरूंच्या येमेनमधल्या ओळखी कामी आल्या. अशा ठिकाणी तिसऱ्याची मदत घ्यायला लाजू नये. १९७१ च्या युद्धात भारत-पाकिस्तानने एकमेकांकडच्या आपल्या कामांची जबाबदारी स्वित्झर्लंडवर सोपवली होती. अमेरिकेचं इराणमधलं काम १९८० पासून स्विस वकिलातच पाहते. त्यात कोणाचीही नामुष्की झालेली नाही.

वकिलाती छाटण्याच्या सवयीबद्दल मात्र बोलायलाच हवं. २०२० मध्ये भारत-पाकिस्तानने एकमेकांच्या उच्चायुक्तालयातली माणसं ११० वरून ५५ वर आणली, २०२५ मध्ये ३० वर. कराचीतली आपली वकिलात १९९०च्या दशकातच बंद झाली, आणि बहुतेक मच्छीमार कराचीतच आहेत. म्हणजे इस्लामाबादहून हजार किलोमीटर दूर जाऊन त्यांना भेटायचं ते या तिसांतल्याच कोणी तरी. हकालपट्टीचा राग समजतो, पण कैद्यांचं काम पाहणारी दोन-तीन पदं दोघांनीही अशा कपातीतून कायमची वगळावीत. जर्मनीत १९७४ पासून कायदा आहे, परदेशात अडचणीत आलेल्या नागरिकाला मदत करणं हे वकिलातीचं कर्तव्य आहे असं तो सांगतो. आपल्याकडे ‘मदद’ पोर्टल आहे, समाजकल्याण निधी आहे, चांगले अधिकारीही आहेत, पण नागरिकाच्या हातात कायद्याचा हक्क नाही. परदेशातल्या तुरुंगांत दहा हजारांवर भारतीय असताना तो असायला हवा.

महाराष्ट्र सरकारला दिल्लीची वाट न पाहता करता येईल असंही एक काम आहे. पालघरचा खलाशी उचल घेऊन ओखा-पोरबंदरला निघतो तेव्हाच, जुलैअखेरीस, त्याचं नाव, फोटो, बोटांचे ठसे, पाड्याचा पत्ता, घरचा फोन आणि बोटीचा क्रमांक डहाणू-तलासरीच्या तहसील कार्यालयात नोंदवून ठेवायचा. बोट पकडल्याची खबर आली की तीच नोंद त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठवायची. हा इथलाच ना, हे विचारायला मग पोलिसाला पाड्यावर जावं लागणार नाही, आणि नागरिकत्व पटवण्यात जाणारे महिने वाचतील.